आधी दारू सोडा, मग या!

आमच्या वस्तीतील एका गृहस्थाला घेऊन मी एका सरकारी रुग्णालयात गेलो होतो. रात्ररात्र झोप नाही, जीव द्यावासा वाटतो, आणि ते वाटणे बुजविण्यासाठी सकाळपासून दारू. मानसोपचार विभागात सांगितले, 'आधी दारू सोडवा, मग आणा.' व्यसनमुक्ती केंद्रात गेलो तर तेथे म्हणाले, 'यांच्या मनावर परिणाम झालाय, आधी त्याचे बघा.' परत येताना तो म्हणाला, 'गुरुजी, मी कोणाच्याच कामाचा नाही.'

काही धम्मबंधू विचारतील, ज्याने पाचवे शील मोडले त्याच्यासाठी एवढी धावपळ कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे, तो टाळता कामा नये. पहिला पेला त्याने स्वतःच्या हाताने उचलला, हे मी नाकारीत नाही. पण पाचव्या शीलात मद्याला पमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, स्थान म्हटले आहे. तेथे नजर चित्तावर आहे. मग ज्याचे चित्त आधीच बुडाले आहे, त्याने सावधपणा आणावा कोठून? शिवाय वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर हातपाय कापतात, झटके येतात, भास होतात. प्रसंगी प्राणही जातो. म्हणजे ज्या कामाला डॉक्टर लागतो, तेच काम उरकून डॉक्टरकडे या, असे हे सांगणे झाले!

कायदा असे सांगत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक विकार मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतले आहेत, आणि सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. परंतु व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान सामाजिक न्याय खात्याचे, मनोरुग्णालये आरोग्य खात्याची; रोगी मात्र दोन खात्यांत वाटून घेता येत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचे आढळले. उरलेले ३७ शीलभ्रष्ट म्हणून सोडून द्यायचे काय?

महावग्गात एका भिक्खूची हकीकत आहे. अतिसाराने तो स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि इतर भिक्खू फिरकत नव्हते. कारण काय, तर हा आमच्या काही उपयोगाचा नाही. भगवंतांनी विचारले, आजार काय, शुश्रूषेला कोण, आणि कोणी का नाही. आजार कोणाच्या चुकीने ओढवला, हे विचारल्याचे तेथे दिसत नाही. मग भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले.

तिसऱ्या खेपेस मी कायद्याची प्रत पिशवीत घालून नेली. ती दाखवावी लागली नाही. त्या दिवशीची डॉक्टरीणबाई निराळी होती. तिने दोन्ही आजार एकाच केसपेपरवर लिहिले आणि त्याला भरती करून घेतले. काही गोळ्या बाहेरून आणाव्या लागल्या.