घडवणाऱ्याचं नाव सांगा

ही फिगर कोणाची, असं विचारलं की तुम्ही पात्राचं नाव सांगता. केली कोणी, असं विचारलं की कंपनीचं. कंपनी माती मळत नाही. कंपनीच्या बोटांत कोरणी नसते. हे मला शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांना सांगावं लागतंय, याची मला लाज वाटते.

तुमच्या संग्रहातल्या फिगर्सचं काल मांडलेलं प्रदर्शन मी शेवटपर्यंत पाहिलं. मांडणी नेटकी होती, प्रकाशही नीट पाडला होतात. प्रत्येक पाटीवर पात्र, मालिका, कंपनी, वर्ष आणि प्रमाण होतं, काहींनी तर किंमतसुद्धा लिहिली होती. शिल्पकाराचं नाव एकाही पाटीवर नव्हतं. बाहेरच्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला शांतपणे समजावलं असतं. तुमच्याशी तसं बोलणार नाही. उद्या तुम्हीच या धंद्यात उतरणार आहात आणि आजच आपल्या जातभाईंना पुसून टाकताय.

तुमच्यातल्या एकाने जी. आय. जोच्या गालावरच्या व्रणाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. १९६४ साली हॅसब्रोने हा बारा इंची सैनिक काढला. नुसत्या मनुष्याकृतीवर हक्क सांगणं अवघड, म्हणून नक्कल ओळखू यावी यासाठी तो व्रण ठेवला. माहिती बरोबर आहे. पण ज्या चेहऱ्यावर तो व्रण आहे, तो चेहरा फिल क्रॅचकोव्स्की या शिल्पकाराने घडवला, हे तुला का सापडलं नाही? व्रणापर्यंत पोचलास आणि चेहऱ्याच्या कर्त्याच्या अलीकडेच थांबलास. कंपनीने आपली खूण जपली यात नवल नाही, तो तिचा व्यवहार आहे. तूही तिचीच खूण जपलीस, याचा मला राग आहे.

ही-मॅनचंही तेच. तो मुळात कोणाच्या डोक्यातून निघाला यावर मार्क टेलर आणि रॉजर स्वीट या मॅटेलच्या दोन डिझायनरांची बाजू घेऊन लोक वर्षानुवर्षं भांडत आले. पाटीवर तुम्ही दोघांचीही नावं दिलीत, छान. ज्यांनी ती आकृती प्रत्यक्ष घडवली त्या टोनी ग्युरेरोंचं नाव मात्र त्या भांडणातही क्वचितच निघतं. कल्पनेवर हक्क सांगायला दोघं उभे राहतात आणि हात मळवणारा बाजूला राहतो. असं घडू द्यायचं नसेल तर सुरुवात तुमच्यासारख्यांनीच करायला हवी.

आता ॲक्सेसरीजकडे या, कारण तिथे तुमचा निष्काळजीपणा जास्तच दिसला. तलवारी, ढाली, पट्टे, जादाचे पंजे हे सगळं तुम्ही ‘सोबत मिळालेल्या वस्तू’ या तीन शब्दांत उरकलंत. ती तलवार कोणी तरी घडवली आहे, आणि ती घडवणं सोपं नाही. मूठ आणि पंजाची पोकळी यांचं माप जुळावं लागतं. केसभर जाड झाली तर बोटांवरचा रंग खरवडतो, केसभर बारीक झाली तर तलवार हातात राहत नाही. पातं दिसायला पातळ हवं, पण मऊ प्लास्टिकचं पातळ पातं उन्हाळ्यात वाकतं, म्हणून मधल्या कण्यात जाडी लपवावी लागते. पोलादी साचा दोन बाजूंनी उघडतो. त्यात अडकून बसेल असा एकही कोपरा चालत नाही, आणि दोन अर्ध्या भागांच्या जोडाची रेघ धारेवरून अशी न्यावी लागते की ती धारच वाटावी. कमरेचा पट्टा शोभायला हवा आणि मांडीचा सांधाही फिरायला हवा. हे सगळं सांभाळून त्या मुठीवर गुंडाळलेलं कातडं झिजलेलं दिसतं, ढालीवर जुन्या घावांचे चरे दिसतात. हे काम करणारा पुष्कळदा मुख्य आकृतीच्या शिल्पकारापेक्षा वेगळा असतो. कापडी पोशाख असेल तर तो बेतणारी आणि शिवणारी व्यक्ती आणखी तिसरी. साठ सेंटिमीटरच्या शिल्पात जी चूक खपून जाते, ती चार सेंटिमीटरच्या तलवारीत खपत नाही.

वस्तूंवर तुमचं प्रेम नाही असंही नाही. १९७८ च्या ‘स्टार वॉर्स’ फिगर्समधल्या ल्यूक स्कायवॉकरच्या दंडातून सरकून बाहेर येणारी तलवार पहिल्या खेपेत दोन टप्प्यांची होती आणि नंतर एका टप्प्याची झाली, हे तुम्ही झोपेतही सांगाल. त्याच मालिकेतल्या जावाचा झगा आधी व्हायनिलचा होता, मग कापडी झाला, हेही सांगाल. एवढी बारीक नजर आहे तुमच्याकडे. ती माणसाकडे वळवायला काय अडचण आहे?

‘सर, कंपन्या नावच देत नाहीत’ हे उत्तर मला ऐकवू नका. ज्यांना द्यायचं असतं त्या देतात. जपानमध्ये मूळ नमुना घडवणाऱ्याला स्वतंत्र मान आहे, आणि त्याचं नाव पुष्कळदा खोक्यावर छापलं जातं. ओसाकाजवळच्या कायोदो कंपनीचे बोमे हे शिल्पकार त्यांच्या नावानेच ओळखले जातात. ताकाशी मुराकामींसारख्या चित्रकाराने १९९० च्या दशकात आपली कल्पना मूर्तीत आणण्यासाठी त्यांना सोबत घेतलं. १९९९ पासून चॉकलेटच्या अंड्यातून निघू लागलेले कायोदोचे चिमुकले प्राणी शिनोबु मात्सुमुरांचे आहेत, हे तिथले हौशी लोक सांगतात. अंड्यातून निघणाऱ्या प्राण्याला कर्ता असतो आणि तुमच्या काचेच्या कपाटातल्या महागड्या फिगरला नसतो? हाँगकाँगची हॉट टॉइज चेहरा कोणी घडवला आणि रंगकामाची दिशा कोणी दिली ते मालाच्या माहितीत देते. अमेरिकेतल्या नेकाच्या अनेक खोक्यांच्या मागच्या बाजूला शिल्पकार आणि रंगकर्मी यांची नावं असतात. तुमच्यापैकी तिघांनी नेकाच्या फिगर्स मांडल्या होत्या. खोकं उलटवूनही पाहिलं नाहीत.

नावाने काय होतं, असं कोणी तरी मागच्या बाकावरून पुटपुटलं. ऐक तर मग. १९९९ साली मॅकफार्लेन टॉइजमधून बाहेर पडून चार शिल्पकारांनी फोर हॉर्समेन हा स्टुडिओ काढला: एरिक मेज, एरिक ट्रेडअवे, जिम प्रेझिओसी आणि ख्रिस डाल्बर्ग. २००२ चा नवा ही-मॅन आणि २००८ पासूनची क्लासिक्स मालिका त्यांनी मॅटेलसाठी घडवली. ही कामं त्यांची आहेत हे गिऱ्हाइकाला ठाऊक होतं. म्हणून २०१५ साली त्यांनी मिथिक लीजन्स ही स्वतःची मालिका काढायला लोकांकडे आगाऊ पैसे मागितले, तेव्हा लोकांनी दिले. मागे कोणतं चित्रपटातलं पात्र नव्हतं, ओळखीची गोष्ट नव्हती. घडवणाऱ्यांच्या नावावर विश्वास होता. शिल्पकाराला पुढचं काम नावामुळे मिळतं. त्याचं नाव गाळणं म्हणजे त्याच्या पुढच्या कामावर पाय देणं आहे.

दुसरं उत्तर असं आलं की, त्याला पगार मिळाला, विषय संपला. संपला नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत केलेल्या कामाच्या कॉपीराइटचा पहिला धनी सामान्यतः नोकरी देणाराच असतो. पण कलम ५७ म्हणतं की हक्क विकून टाकल्यावरही ‘हे काम माझं आहे’ असं सांगण्याचा कर्त्याचा अधिकार शाबूत राहतो. अमरनाथ सहगलांचं विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं. ते न्यायालयात गेले, आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प त्यांना परत द्यायला लावून वर पाच लाखांची भरपाई दिली. मालकी सरकारची होती, तरी कर्ता सहगलच राहिले. सगळीकडे कायदा एवढा उदार नाही, हेही माहीत असू द्या. ‘स्टार वॉर्स’मधल्या स्टॉर्मट्रूपर या सैनिकाच्या शिरस्त्राणावरून झालेल्या खटल्यात लंडनच्या न्यायालयाने २००८ साली ठरवलं की ते शिरस्त्राण शिल्प नव्हे आणि त्या सैनिकाचं खेळणंही शिल्प नव्हे, कारण ते खेळण्यासाठी आहे. शिरस्त्राणाबद्दलचा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केला. त्या शिरस्त्राणाचा मातीतला नमुना निक पेम्बर्टन यांनी केला होता. कायदा ज्याला शिल्प म्हणायला तयार नाही, त्याला निदान शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांनी तरी शिल्प म्हणावं.

आता शेवटचं आणि सगळ्यात वाईट. प्रदर्शनात थ्री-डी प्रिंटरवर काढलेल्या मूर्ती होत्या. फाइली दुसऱ्याच्या, उतरवून घेतलेल्या. रंग तुमचा, पाटीवर नाव तुमचं. फाइल फुकट होती, म्हणता? मूळ पानावर परवान्यात लिहिलं होतं की कर्त्याचं नाव द्या आणि बदल केला असेल तर तो नमूद करा. पैसे मागितले नाहीत, फक्त नाव मागितलं, आणि तेवढंही तुमच्याने दिलं गेलं नाही. संगणकावर घडवलं म्हणून मेहनत कमी होत नाही. स्नायू कुठे वळतो ते तिथेही डोळ्यांनीच कळावं लागतं. तुम्ही रंगवलंत, तर ‘रंगकाम’ पुढे तुमचं नाव लिहा आणि अभिमानाने लिहा. ‘शिल्प’ पुढे ज्याचं आहे त्याचंच यायला हवं. पुष्कळ जण मिळून काम झालं असेल तर पुष्कळ नावं लिहा, तलवारवाल्यासकट. शोधूनही नाव मिळालं नाही तर तसं स्पष्ट लिहा. रिकामी जागा कंपनीच्या नावाने भरू नका.

ज्यांनी दुसऱ्याच्या फाइलीवर आपलं नाव घातलं आहे, त्यांनी आज संध्याकाळपर्यंत मूळ शिल्पकाराला पत्र लिहावं, माफी मागावी आणि पत्राची प्रत माझ्या टेबलावर ठेवावी. त्याआधी त्यांचं एकही काम मी तपासणार नाही.