कॅसलरॉक ते बगदाद

गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हा जोयडा तालुक्यातल्या कॅसलरॉक स्टेशनात प्रवाशांना ट्रंका उघडून दाखवाव्या लागत. इथे ब्रिटिश हिंदुस्थानची हद्द संपायची. पुढे कुळ्यापर्यंत रूळ दूधसागरच्या अंगाने सदतिसास एक अशा उतारावरून घाट उतरतात. त्या घाटाचं नाव ब्रागांझा, म्हणजे पोर्तुगालच्या राजघराण्याचं. सह्याद्रीच्या दाट रानात लिस्बनच्या राजाचं नाव लागलं ते एका तहामुळे, आणि १९१४ चं महायुद्ध जगभर का पसरलं हे समजून घ्यायला तो तह चांगला नमुना आहे.

२६ डिसेंबर १८७८ ला ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात तो झाला. दख्खनच्या कापूस-धान्याला मार्मागोव्यासारखं बंदर हवं होतं आणि पोर्तुगालच्या तिजोरीत रेल्वेला पैसा नव्हता. तेव्हा गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचा ताबा आला आणि त्याबदली पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. ही रक्कम रेल्वे कंपनीच्या भांडवलावरच्या व्याजाच्या हमीला लागली. तहावर सह्या दोन सरकारांच्या, पण त्याची झळ बसली मिठागरांवर राबणाऱ्या आगऱ्यांना. त्यांना कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. १८९२ मध्ये तह संपला, रूळ राहिले.

साम्राज्यांची दोस्ती अशीच चालायची. दोघांचं जमायचं ते तिसऱ्याच्या जिवावर.

ब्रिटन-पोर्तुगालचं सख्य १३७३ पासूनचं, युरोपातलं सर्वांत जुनं म्हणून मिरवलं जाणारं. तरीही ऑगस्ट १८९८ मध्ये ब्रिटनने जर्मनीशी गुप्त करार केला. पोर्तुगालला कर्ज देताना अंगोला, मोझांबिक आणि तिमोर या वसाहतींचा महसूल तारण धरायचा आणि त्या वसाहती पोर्तुगालच्या हातून सुटल्या तर कोणी काय घ्यायचं, हेही त्यात ठरलं. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं. मोझांबिकमधून बोअरांना शस्त्रं जाऊ नयेत म्हणून त्याच ब्रिटनने पोर्तुगालला वसाहतींच्या रक्षणाचं गुप्त वचन दिलं. एकाच वसाहतींच्या वाटणीचा कागदही तयार आणि रक्षणाचाही! आपला दोस्त आपल्याला कधी विकेल याचा पोर्तुगालला नेम उरला नाही. पुढे तो महायुद्धात उतरला त्यामागे ही धास्ती मोठी होती: बाहेर राहिलो तर तहाच्या टेबलावर आपल्या वसाहती वाटल्या जातील. फेब्रुवारी १९१६ मध्ये ब्रिटनच्या सांगण्यावरून त्याने आपल्या बंदरांत आश्रयाला आलेली जर्मन जहाजं जप्त केली. त्यांत मार्मागोव्यातली जहाजंही होती. ९ मार्चला जर्मनीने युद्ध पुकारलं आणि कॅसलरॉकच्या खालचा मुलूखही कागदोपत्री महायुद्धात ओढला गेला.

दुसरीकडे जर्मन भांडवलावर बर्लिनहून बगदादला रेल्वे निघाली होती. इराणच्या आखातावर आणि पर्यायाने हिंदुस्थानवर जर्मनीची छाया पडेल, ही इंग्रजांची भीती. पण जून १९१४ मध्ये या रेल्वेवरून दोघांची तडजोड जवळजवळ झालीही होती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बाजाराची, बंदराची भांडणं मिटत होती, कारण तुर्कांची नाहीतर आफ्रिकेतली जमीन वाटून देता येत होती. साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाल्यावर ऑस्ट्रिया आणि रशिया समोरासमोर आले तेव्हा पुढे करायला असं परकं काही उरलं नव्हतं. उरली होती ती एकमेकांना दिलेली वचनं, आणि दोस्त सुटला तर आपण एकटे पडू ही प्रत्येक राजधानीतली धडकी. युद्ध टाळण्यासाठी केलेल्या करारांनीच मग एकेका देशाला त्यात ओढलं.

तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरताच नोव्हेंबर १९१४ मध्ये पुणे डिव्हिजन बसऱ्याच्या वाटेने मेसोपोटेमियात शिरली. त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. आज बेळगावात ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तिचेच हे पूर्वज. बगदादच्या अलीकडून माघार घेऊन जनरल टाउनशेंडची फौज कुत-अल-अमारा गावात अडकली आणि डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला. रसद संपत आली तशी घोडी कापली जाऊ लागली. कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. खाल्लं तर गावी गेल्यावर जातीबाहेर पडू, ही भीती होती. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली गेली, तरी अनेकांनी शेवटपर्यंत तोंडाला लावलं नाही. बार्लीचं पीठ रोज कमी होत गेलं, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलण्यात आलं. वाटेत पडेल तो तिथेच राहिला. वाचलेल्या हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन इथे कामाला जुंपलं गेलं. काम कसलं? त्याच बगदाद रेल्वेचं. जिची छाया हिंदुस्थानवर पडेल अशी इंग्रजांना भीती होती, तिच्यासाठीच हे हिंदी शिपाई उपाशीपोटी राबले. साम्राज्यांच्या चढाओढीबद्दल याहून जास्त सांगणारी घटना सापडणं कठीण. बंगाली ॲम्ब्युलन्स कोअरमधले शिशिर सर्वाधिकारी या कैदेतून परतले आणि त्यांनी ‘अभि ले बगदाद’ हे बंगाली पुस्तक लिहिलं.

बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या. सरकारने युद्धानंतर आपल्याकडे गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या, त्यांवरही या गावातून इतके गेले, इतके पडले, एवढंच. हा अन्याय दुरुस्त व्हायलाच हवा. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्ध-समाधी आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली आहे. आता गावातल्या पाटीखाली दुसरी पाटी लावून त्यावर त्या माणसांची नावं कोरणं हे ग्रामपंचायतींच्या हातातलं काम आहे, आणि त्यासाठी लंडनच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही.