पंख्याखालची जागा



वर्गात दर आठवड्याला अर्धा तास मुलांची सभा घ्यावी, असे सुचवले की पालकांच्या कपाळाला आठी पडते. गणिताचा तास बुडाला ना! शिवाय मुलांना काय कळते?

आपल्या विदर्भाला ही गोष्ट नवी नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर सेवाग्रामला नई तालीमची शाळा उभी राहिली. आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने ती चालवली. स्वयंपाक, सफाई, शेती ही कामे मुलेच करीत. त्यासाठी ती आपल्यातूनच मंत्री निवडीत आणि त्या मंत्र्यांना आमसभेपुढे जाब द्यावा लागे. आज्ञापालन हुकमाने मिळते, सहकार्य तसे मिळत नाही, ही त्यामागची समज आम्हांस पटते. "भांडू नका" म्हटले की मुले बाईंसमोर भांडत नाहीत, एवढेच.

अधिकार कमी होईल ही भीतीही फोल आहे. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात आपल्या नियमावलीत सांगितले की, महत्त्वाच्या बाबतीत मठाधिपतीने सर्व बंधूंना बोलवावे, कारण योग्य ते देव पुष्कळदा धाकट्यालाच सुचवतो. निर्णय मात्र मठाधिपतीचाच.

खरा प्रश्न वेगळाच आहे. चाळीस मुलांची सभा एकट्यावर तुटून पडली तर? पोलंडचे डॉक्टर यानुश कोर्चाक यांनी वॉर्सातील आपल्या अनाथाश्रमात मुलांचे न्यायालय चालवले. तेथे मोठ्यांविरुद्धही तक्रार करता येई. पण त्याच्या संहितेतील पहिली नव्याण्णव कलमे खटला सोडून देण्याची किंवा क्षमेची होती! म्हणून 'कोणी केले?' यापेक्षा 'आता काय करू या?' हा प्रश्न सभेत आधी यावा, असे आम्हांस वाटते.

साधे उदाहरण घ्या. नागपूरचा मार्च महिना, वर्गात दोनच पंखे. पंख्याखाली कोण बसणार? सभा म्हणते, पाळीपाळीने. सगळे हात वर. पण एका मुलाला उन्हाने चक्कर येते आणि तो लाजेने गप्प आहे. समान पाळी त्याच्यासाठी न्याय नव्हे, आणि मते मोजून हे कळणार नाही. त्याच्या वतीने कोणी उठते का, हे शिक्षकांनी थोडे थांबून पाहावे. कोणीच उठले नाही, तर स्वतः बोलावे.