श्रद्धेची चोवीस मिनिटे

लश्कर भागातल्या आमच्या घरी ह्यांना पार्किन्सन आहे, त्यामुळे उपाय सांगणाऱ्यांची ये-जा असते. आमच्या वन्सं एकदा कवचबीजाचे चूर्ण घेऊन आल्या. गुरुवारी दत्तापुढे ठेवून सुरू करा, म्हणाल्या. गुणही आला, ह्यांच्या हातातली वाटी कमी हिंदकळू लागली. मी वर्षानुवर्षे न्यायशास्त्रातला तर्कसंग्रह शिकवला, म्हणून विचारावेसे वाटले : हा गुण कोणाचा? चूर्णाचा, श्रद्धेचा, की रोजच्या लेव्होडोपाच्या गोळीचा?

घटाची कारणे सांगताना नैयायिक माती, कुंभार, चाक, दंड घेतात आणि माती वाहणारे गाढव वगळतात. ते तिथे होते खरे, पण त्याच्यावाचून घट अडला नसता. हे कळते व्यतिरेकाने : एक गोष्ट काढून घ्यायची आणि कार्य होते का ते पाहायचे. औषधाच्या चाचणीत प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या पोकळ गोळीचा, गट हेच काम करतो.

2005 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेली लार्गो चाचणी पाहा. लेव्होडोपाचा असर पुढच्या गोळीआधीच उतरू लागलेले 687 रुग्ण. मूळ गोळी सर्वांची चालू. जोडीला 18 आठवडे कोणाला रासाजिलीन, कोणाला एन्टाकॅपोन, कोणाला प्लासिबो. शरीर केव्हा मोकळे होते आणि केव्हा अडले, हे रुग्णच वहीत लिहीत. दिवसातला अडलेला वेळ दोन्ही औषधांनी सुमारे 1.2 तास घटला, प्लासिबोने 0.4 तास. म्हणजे औषधाची स्वतःची कमाई सुमारे 48 मिनिटांची.

उरलेल्या 24 मिनिटांवर माझा जीव जडला आहे. आजार मुळातच रोज थोडा वरखाली होतो, तेव्हा ती सगळी श्रद्धेची नव्हेत. पण 2001 साली व्हँकुव्हरच्या संशोधकांनी पेट स्कॅनवर पाहिले, की नुसत्या प्लासिबोनेही ह्या रुग्णांच्या मेंदूत, ह्या आजारात कमी पडणारे डोपामीन स्रवते. तेव्हा श्रद्धा गाढव नाही, तीही कारणच आहे. मी देव मानते, आणि म्हणूनच म्हणते की तिचे वेगळे माप घ्या. श्रद्धेने मिळालेला गुण गोळीच्या नावावर मांडला, तर पुढचा रुग्ण पैसे आणि दुष्परिणाम दोन्ही फुकट सोसेल.

कवचबीजाचे म्हणाल, तर त्यात लेव्होडोपाच असते. दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 सालीच ते बियांतून वेगळे काढले होते. आम्ही त्याच औषधाचा न मोजलेला आणखी एक डोस देत होतो. डॉक्टरांना सांगून चूर्ण थांबवले.

"पण आजारी माणसाला पोकळ गोळी द्यायची, हा अधर्म नाही?" ह्यांनी विचारले. मला तसे वाटत नाही. प्लासिबो वाट्याला येऊ शकेल हे आधी सांगून संमती घेतलेली असते, आणि कोणाला काय मिळाले हे देणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसते. ही फसवणूक नव्हे. दोघांनी मिळून सत्य काही काळ झाकून ठेवले आहे. मात्र झाकलेले सत्य पुढे उघडावेच लागते. म्हणून कोणी चाचणीसाठी बोलावले, तर सही करण्यापूर्वी एवढे जरूर विचारा : चाचणी संपल्यावर मला काय दिले होते, ते सांगाल ना?