चार कोपऱ्यांचं घर

फोनवर पेणजवळच्या हमरापूर-जोह्याचं उपग्रहचित्र उघडा. कौलं, पत्रे, मधूनच निळी ताडपत्री. घर कुठलं आणि गणपतीचा कारखाना कुठला, वरून कळत नाही. बऱ्याचदा दोन्ही एकाच छपराखाली असतात.

ओपनस्ट्रीटमॅपवर अशा छपरांची बाह्यरेषा कुणीही काढू शकतं. ती किती बारकाईने काढली आहे, हे तपासायचं काम आता संगणकाला देता येतं. आकृतीला कोपरे किती, परिसरातली सगळी घरं सरसकट काटकोनी चौकोनच आहेत का, असं मोजून तो गुण देतो. पडवी, मागची मोरी, पुढे आलेली गॅलरी रेषेत उतरली, की तपशील जास्त. नुसते चार कोपरे, की तपशील कमी.

आता रोह्याला चला. बाजारपेठेतला जुना वाडा कुणी घाईत चौकोन ओढून उरकला, तर तो आळस. पण डोंगराकडेच्या कातकरी वाडीतलं कुडाचं घर मुळातच चौकोनी. तिथे चार कोपरे हेच सत्य. नुसते कोपरे मोजणारं यंत्र दोघांना एकच गुण देणार. मग गुण वाढवायला त्या कुडाच्या घराला खोटे कोपरे काढायचे का?

म्हणून मोजणंच सोडावं, असंही म्हणवत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. बचावपथकं अंधारात, पावसात डोंगर चढून गेली. अशा वेळी पहिला प्रश्न असतो: इथे घरं किती होती आणि नेमकी कुठे? नकाशात अख्ख्या वाडीचा एकच ठिपका असेल, तर तो काय उत्तर देणार? नकाशा कुठे कच्चा आहे हे दरडीच्या आधी कळायला हवं, आणि एवढी गावं माणसाने एकेक करून तपासणं अवघड आहे.

यंत्राने संशयाची जागा जरूर दाखवावी. निवाडा मात्र तिथे जाऊन, विचारून व्हावा. कारण एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतात, आणि ते कितीही कोपरे मोजून कळत नाही.

शिवाय तो गुण घराचा नसतोच, बघणाऱ्याचा असतो. ‘या वाडीत तपशील कमी’ असं स्क्रीनवर उमटतं, तेव्हा खरं वाक्य एवढंच असतं: या वाडीकडे आपण अजून नीट पाहिलेलं नाही.