तयार मांडी

भवानीनगरच्या कारखाना रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या की चाकाच्या खुर्चीला वाट उरत नाही. त्या खुर्चीतल्या सुनेला दिवस गेले, की शेजारीण विचारते, ‘हिला झेपेल का गं?’

मज्जारज्जूला इजा झाली तरी गर्भ राहतो, वाढतो. कळा मात्र जाणवतीलच असं नाही. पोटावर हात ठेवून घट्टपणा ओळखायला शिकावं लागतं. इजा वरच्या भागात असेल तर रक्तदाब एकाएकी चढू शकतो. डॉक्टरांना ते आधीच सांगावं.

संमतीविना वंध्यत्व आणणारा उपचार करता येत नाही, असं २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १० सांगतं. त्याच वर्षी रिओ पॅरालिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या दीपा मलिक दोन मुलींच्या आई.

आणि बाळाला घ्यायचं कसं? अहो, आई बसलेलीच आहे. मांडी कायम तयार.