धडधडीची साक्ष

परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘आतला आवाज ऐक’ असं कुणी सांगितलं, तर इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या, म्हणजे बाहेर न पाहता केवळ उपकरणांवर उडण्याच्या परवान्याच्या, उमेदवारानं ते कानाआड करावं. ही परीक्षाच मुळी स्वतःच्या शरीराची साक्ष न मानण्याची आहे. डोक्यावर नजर अडवणारा हूड चढतो, बाहेरचं क्षितिज दिसेनासं होतं, समोर उरतात त्या तबकड्या. विमान एकाच संथ गतीनं वळत राहिलं, की आतल्या कानातला द्रव स्थिरावतो आणि आपण सरळ चाललोय असं वाटू लागतं. सरळ केलं, की उलट दिशेला वळल्याचा भास. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठानं उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना कृत्रिम ढगात घातलं, तेव्हा सरासरी १७८ सेकंदांत त्यांचा ताबा सुटला.

आता छातीतली धडधड तरी काय सांगते? ‘आज आपलं काही खरं नाही.’ ही साक्षही त्याच शरीराची. ती ऐकून घ्यावी आणि नजर पुन्हा कृत्रिम क्षितिजाकडे, उंचीमापकाकडे न्यावी. भीती जाईपर्यंत थांबायचं ठरवलं तर परीक्षा कधीच व्हायची नाही. गोळी घेऊन ती दडपण्याचा विचारही नको. गुंगी आणणारं औषध घेऊन उडायला मनाईच आहे.

भीती पहिल्यांदा दिसते ती हातात. घाबरलेला माणूस योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, आवळून धरतो, नकळत ओढतो आणि विमान उंची सोडतं. म्हणून ट्रिम, म्हणजे योकवरचा ताण काढून घेणारी जुळणी, नीट लावावा आणि योक दोन बोटांत धरावा. धीराच्या शंभर गोष्टींपेक्षा मला हे मोलाचं वाटतं.

धीराची गोष्ट म्हणून अमेरिकन वैमानिक जिमी डूलिटलचं नाव नेहमी निघतं. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळ त्यानं झाकलेल्या कॉकपिटमधून, फक्त उपकरणांवर, उड्डाण केलं आणि विमान उतरवलंही. पण दुसऱ्या कॉकपिटमध्ये बेन केल्सी हा वैमानिक बसला होता, गरज पडल्यास ताबा घ्यायला, हे सांगायचं राहून जातं.

शिवाय परीक्षकाला बिनचूकपणा हवा असतो, ही समजूतच चुकीची. अमेरिकेच्या नियमांत साधारणपणे उंचीत १०० फूट आणि दिशेत १० अंश इकडेतिकडे चालतं. त्याबाहेर गेलं की ते वेळेवर ओळखून सुधारलं का, हे पाहतात. धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जाणं, म्हणजे मिस्ड ॲप्रोच, हा तर परीक्षेचाच नेमलेला भाग.

एका बाबतीत मात्र शरीराचं ऐकाच. रात्रभर डोळा लागला नसेल, अंगात कणकण असेल, तर परीक्षकाला फोन करून पुढची तारीख मागून घ्या. उडायचं की नाही हे ठरवणं वैमानिकाचंच काम आहे, आणि परीक्षेत त्याचाही कस लागतो.